गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नेमके काय

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे पुण्यात मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरी परिसरात शिरले, तेव्हा माझी गाडी तिथेच एका इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी ओसरल्यावर, गाडी निदान कोरड्या जागी तरी न्यावी म्हणून मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरले आणि बंद पडले. पुढे विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सीट, गालिचा आणि वायरिंगचे नुकसान मान्य केले. इंजिनाचा दावा मात्र नामंजूर झाला. ‘आपला फुल इन्शुरन्स आहे’ या समजुतीवर तीन वर्षांहून अधिक काळ निर्धास्त राहिल्यानंतर पॉलिसीचा कागद मी त्या आठवड्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आणल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई यातून दिली जाते आणि तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. या विम्याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी तो ३,४१६ रुपये होता. स्वतःच्या गाडीला आलेल्या पोच्याचा एक रुपयाही या विम्यातून मिळत नाही.

आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग म्हणजे ओन डॅमेज. अपघात, चोरी, आग, पूर, दंगल हे सारे त्यात येते, आणि तो व थर्ड पार्टी एकत्र घेतले की त्यालाच लोक फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात. सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेज वेगळ्या कंपनीकडून, स्वतंत्रही घेता येतो. नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने घ्यावा लागत असल्यामुळे ही सोय खरोखर उपयोगी आहे.

मात्र ‘फुल’ या शब्दाने माझ्यासारख्या कित्येकांची दिशाभूल होते, कारण बहुतेक सुट्या भागांवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो. प्लास्टिक आणि रबराचे भाग, टायर व बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा लागतो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो आणि माझ्या गाडीला चौथे वर्ष चालू असल्याने तो २५ टक्के होता. काचेवर मात्र घसारा नाही. म्हणजे १२,००० रुपयांच्या बंपरचे हाती पडतात ६,०००, आणि त्यातूनही १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे सक्तीचे १,००० रुपये वजा होतात. झिरो डेप हे जोड-संरक्षण (ॲड-ऑन) घेतले, तर ही घसाऱ्याची कपात टळते. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल, तर ते घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता इंजिनाविषयी, कारण पुण्यात या गोष्टीचे महत्त्व फार आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन सुरू केले, की पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने थेट झालेले नसून नंतर गाडी सुरू केल्यामुळे झालेले आहे, असे कंपनी मानते आणि मूळ पॉलिसीत ते धरत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळे घ्यावे लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती भागांत काय झाले, हे पुणेकरांनी पाहिलेले आहे. ओढ्याकाठी, नदीकाठी किंवा तळघरात गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने हे संरक्षण घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. ती टो करूनच न्यावी.

गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीस गेली, तर आयडीव्हीइतकी, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी रक्कम मिळते. तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी ती उत्पादकाच्या जाहीर विक्री किमतीतून ४० टक्के घसारा वजा करून काढतात. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ती आणखी खाली आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही सक्तीचा आहे. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि ती गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे नव्या गाडीवरही नेता येते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर ती जाते.

इंजिनासाठी मला पदरचे सव्वा लाख रुपये भरावे लागले. त्यानंतरच्या नूतनीकरणात झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ही दोन्ही घेतली, आणि शेजारच्या काकांना त्यांच्या पॉलिसीतले जोड-संरक्षणांचे पान काढून दाखवले. ते कोरे होते.