तुम्ही विचारलंत म्हणून: 'चाकू होता तसाच का नाही ठेवलास?'

दर मे महिन्यात हा प्रश्न येतो. आंब्याची पहिली फोड तोंडात जायच्या आत कुणीतरी आजोबांचा कलमं बांधायचा, मिटता चाकू उचलतं, मूठ उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, "आजोबांचा तो हाच? होता तसाच का नाही ठेवलास गो?" आत्या विचारते, दोन्ही काका विचारतात, गणपतीत आलेले भाऊ विचारतात. गेल्या वर्षी धाकट्या वहिनीनंही विचारलं, जिनं आजोबांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. मी दर वेळी "मूठ फुटली होती" म्हणून विषय संपवते. ते खरं आहे, पण ते उत्तर नाही.

तरी आधी मुठीचं सांगून मोकळी होते, कारण तुमचा सगळा राग तिच्यावर आहे. सांबरशिंगाची मूठ माझ्याकडे असताना फुटली, मान्य. आपल्याकडच्या पावसात फुगायची, वैशाखात सुकायची, कित्येक वर्षं हेच चाललेलं. एके दिवशी मूठ जोडणाऱ्या पिनेपाशी तडा गेला आणि फाक सुटली. "शिंग मी आणून देतो, ओळख आहे," असं तुमच्यातलाच एक जण म्हणाला होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं सांबरशिंगाचा व्यवहार बंद आहे, आणि आजोबांवरचं प्रेम सिद्ध करायला वनखात्याची केस अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून खैर लावला. तोही विकतचा नाही, आजोबांच्याच मोडक्या कोयत्याच्या दांड्यातला. हे मी कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त "हा लाल कसा?" एवढंच विचारलं.

आणि "होता तसा" म्हणजे नक्की कधी होता तसा? जुनी मूठ काढली तेव्हा चार पिनांतली एक वेगळी निघाली: सायकलच्या चाकातली तार, कापून, दोन्ही टोकं ठोकून बसवलेली. म्हणजे खुद्द आजोबांनीच चाकू एकदा उघडला होता. पातं तर कुरुंदाच्या दगडावर घासून घासून मूळच्या निम्म्यावर आलं होतं. हा मुद्दा मला इतका आवडला की वर्षभर मी तो भेटेल त्याच्या तोंडावर मारला. आता वाटतं, ती वकिली होती. आजोबांनी तार घातली ती दुसऱ्या दिवशी कलमं बांधायची होती म्हणून. मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा असं कुठलंच काम अडलेलं नव्हतं.

तो पहिला हात तुमच्यापैकी कुणाला आठवतो का, मला शंका आहे. २०११चा मे. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. मी चोवीस वर्षांची, पहिल्या नोकरीतली, सगळ्यांपेक्षा वेगळी भेट द्यायची या हट्टाला पेटलेली. आदल्या दिवशी दुपारी आजोबा पडवीत झोपले होते, तेव्हा खुंटीवरच्या बंडीच्या खिशातून मी चाकू काढला आणि तालुक्याला एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं होतं, "काळेपणा सगळा काढू?" मीच म्हटलं, "आरशासारखा करा."

तो काळेपणा म्हणजे गंज नव्हता. साध्या पोलादावर वर्षानुवर्षं आंब्याचा चीक बसून चढलेली झाक होती ती, आणि तिच्यामुळेच खाली गंज धरत नव्हता. मला हे माहीत नव्हतं. आधी बफिंगचं, म्हणजे घासून चकाकी आणायचं, चाक फिरलं. मग धार लावायला ग्राइंडर. ठिणग्या छान उडत होत्या, मी मोबाईलवर फोटो काढत होते. टोकाला निळा रंग चढला तो मला शोभेचा वाटला. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे त्या जागी धार म्हणून काही टिकत नाही, हे मला चार वर्षांनी कळलं. चाळीस रुपये झाले. मी पन्नास दिले.

दुसऱ्या दिवशी ओवाळणी झाल्यावर मी तो त्यांच्या हातात ठेवला. मोतीबिंदूनं तेव्हा त्यांना माणसंसुद्धा आवाजावरूनच कळायची. त्यांनी चाकू उघडला, अंगठा पात्याच्या मुळाशी नेला आणि तिथे फिरवत राहिले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग म्हणाले, "ह्यो कोणाचो?"

"तुमचोच तो, आजोबा."

"माझ्या चाकवार चांदणी आसा. ह्याच्यार काय नाय."

चांदणी म्हणजे शिक्का. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूवाल्या कंपनीची चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस, रुंद टोकांची फुली. गिरणी सोडून गावी परतताना मुंबईत घेतलेला अस्सल रॉजर, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे. आधीच झिजलेला तो शिक्का बफिंगच्या चाकानं पुसून टाकला होता. आजी म्हणाली, "असांदे गो, तेंका दिसना नाय." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काका, तुम्ही म्हणालात, "अगदी नवा दिसतो." हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं टोमणा म्हणूनच लिहितेय.

आजोबांनी चाकू मिटून बंडीच्या खिशात ठेवला. पण त्यानंतरची अडीच वर्षं, मी घरी आले की चहा पिताना एकदा तरी विचारायचे, "माझो चाकू गावलो काय गो?" आत्या म्हणते, विसर पडत होता त्यांना. असेल. पण त्याच बैठकीत ते कोणतं कलम कोणत्या साली कोणाच्या झाडावरून घेतलं ते बिनचूक सांगायचे. मला टोचायला विचारत होते? की खरंच त्यांचा चाकू हरवला होता आणि मी तो शोधतेय अशी त्यांची समजूत होती? दोन्हींपैकी कोणतं बरं, तेही मला ठरवता येत नाही. मी दर वेळी "शोधतंय" म्हणायचे.

त्या चोवीस वर्षांच्या मुलीला मी बरंच सुनावते. जरा विचारायचं होतंस, निदान आजीला तरी. ती म्हणते, विचारलं असतं तर भेट कसली? ती म्हणते, तो चाकू तसाही नकली असेल. त्या शिक्क्याच्या नकला काय कमी झाल्या? यावर मला उत्तर देता येत नाही, कारण जो बघून अस्सल-नकली ठरवायचं तो शिक्काच तिनं घालवलाय.

आता जी दुरुस्ती तुम्हाला खुपते, ती त्या २०११च्या 'दुरुस्ती'ची दुरुस्ती आहे. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. तेव्हा कुठे काडीचा, म्हणजे हव्या त्या झाडाच्या फांदीच्या तुकड्याचा, पाचरीसारखा छेद सपाट येतो आणि खुंटाच्या, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपाच्या, चिरेत चपखल बसतो. सालीखालचा हिरवा थर थराला भिडला नाही तर कलम मरतं. ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी धार लावलेली, भाजीच्या सुरीसारखी. मी निळं टोक काढून टाकलं. सात मिलिमीटर गेलं. मग पाण्यात भिजवलेल्या दगडावर, पातं पुन्हा तापू नये म्हणून हातानंच, सहा संध्याकाळी एक बाजू सपाट करत बसले. पिना दोन मिलिमीटरच्या पितळी तारेच्या. पहिल्या खेपेला इतक्या घट्ट ठोकल्या की पातं उघडेना; त्या घासून काढल्या आणि दुसऱ्यांदा पात्याशेजारी कागदाची पट्टी घालून ठोकल्या. आता मिटताना 'टक्' आवाज येतो. आजोबांच्या वेळी जरा जाड यायचा. पावसाआधी पात्याला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळते, ते मात्र त्यांच्यासारखंच.

गेल्या जुलैत या चाकूनं कोयकलमं केली, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपांवर बांधायची कलमं. तांबूस पानांची पंधरा दिवसांची रोपं, आपल्याच मागच्या हापूसच्या काड्या. वीस बांधली, अकरा जगली. आजोबांची सतरा-अठरा जगायची, त्यामुळे मिरवण्यासारखं काही नाही. नऊ मेली ती चाकूमुळे की हातामुळे, कोण जाणे.

फुटक्या मुठीच्या दोन्ही फाका आणि सायकलची तार हिंगाच्या जुन्या डबीत घालून फडताळात ठेवली आहे, वरच्या फळीवर, डावीकडे. ज्याला 'होता तसा' हवाय त्यानं ती घेऊन जावी. दोन वेळा जेवताना सांगून झालं. अजून कुणी डबी उघडून बघितलेली नाही.