तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षकांच्या टेबलाशी बसलेला रचनाकार

"पियानोच्या स्पर्धेला परीक्षक पियानोवादकच हवा ना? हा तर संगीत लिहिणारा माणूस. आणि एवढा मोठा रचनाकार असेल, तर मुलांचं वाजवणं ऐकत दिवसचे दिवस बसायला त्याला वेळ कुठून मिळतो? स्वतःचं काम आटलं म्हणून बसतो का?"

मी पुण्यात पियानो शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील हल्ली परदेशातल्या स्पर्धा घरी बसून, रात्र जागवून पाहतात. परीक्षकांची नावं पडद्यावर आली की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. दारात चपला घालता घालता त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

आपल्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. बंदिश कुणाचीही असो, मैफलीत ती उभी राहते गाणाऱ्याच्या त्या घटकेच्या विचारातून. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र कागदावर स्वर लिहिणारा आणि ते वाजवणारा अशी दोन माणसं हळूहळू वेगळी होत गेली. त्यामुळे लिहिणारा जेव्हा ऐकायला बसतो, तेव्हा बोटांच्या सफाईपलीकडचं काही तो शोधत असतो. हा स्वर इथे का आला, हे वाजवणाऱ्याला उमगलं आहे का, याकडे त्याचा कान असतो.

राहिला काम आटण्याचा प्रश्न. त्यासाठी मी नेहमी सोव्हिएत रशियातला रचनाकार दिमित्री शोस्ताकोविच याची गोष्ट सांगते.

1927 साली पोलंडमध्ये वॉर्सॉला पहिली शोपँ पियानो स्पर्धा झाली. शोस्ताकोविच तेव्हा वीस वर्षांचा होता आणि स्पर्धक म्हणून आला होता. त्याची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, आदल्याच वर्षी लेनिनग्राडला गाजली होती, पण पियानोवादक व्हायचं की रचनाकार हे अजून ठरलेलं नव्हतं. अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढत त्याने वाजवलं आणि तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. पहिलं बक्षीस त्याच्याच देशाच्या लेव ओबोरिनला मिळालं, याच्या हाती आलं फक्त मानपत्र. परतीच्या वाटेवर बर्लिनला त्याची वाद्यवृंद-संचालक ब्रुनो वॉल्टरशी भेट झाली आणि वॉल्टरने त्याच वर्षी ती सिंफनी बर्लिनमध्ये सादर केली. पुढे शोस्ताकोविचने मैफली केल्या त्या बहुतेक स्वतःच्याच रचनांच्या.

आता 1950. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून लाइपझिगला बाख स्पर्धा भरली आणि शोस्ताकोविच तिथे परीक्षक म्हणून गेला. हौस म्हणून गेला असं समजू नका. 1948 मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने त्याच्या संगीतावर ठपका ठेवला होता, मॉस्को आणि लेनिनग्राडच्या संगीतशाळांमधल्या त्याच्या नोकऱ्या गेल्या होत्या. असं असूनही परदेशात देशाचा चेहरा म्हणून त्यालाच पाठवलं जाई. ती खुर्ची मानाची होती, आणि तितकीच सक्तीचीही.

तिथे मॉस्कोची तात्याना निकोलायेवा ही सव्वीस वर्षांची मुलगी आली. बाखच्या 'वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर' या संग्रहातल्या प्रेल्यूड (छोटी सुरुवातीची रचना) आणि फ्यूग अशा अठ्ठेचाळीस जोड्या तिने सगळ्याच्या सगळ्या तयार केल्या होत्या, परीक्षकांनी मागावी ती वाजवायची तिची तयारी होती. फ्यूग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एक आवाज एकटा एक धून सुरू करतो. ती संपते तोच दुसरा आवाज तीच धून वेगळ्या पट्टीत उचलतो, मग तिसरा, कधी चौथा. पहिला गप्प बसत नाही, त्याचं स्वतःचं चालूच राहतं. दोन हातांत हे सगळे आवाज वेगवेगळे जिवंत ठेवायचे! मी पंचवीस वर्षं फ्यूग शिकवते आहे, आणि तीन आवाजांचा फ्यूग नीट वाजवणारं मूल भेटलं की अजूनही माझा घसा दाटून येतो.

निकोलायेवा ती स्पर्धा जिंकली. समारोपाच्या मैफलीआधी पियानोवादक मारिया युदिनाच्या बोटाला दुखापत झाली, तेव्हा बाखच्या तीन पियानो आणि वाद्यवृंदाच्या कॉन्चेर्तोत तिच्या जागी शोस्ताकोविच स्वतः बसला. म्हणजे ज्या मुलीला त्याने परीक्षक म्हणून जोखलं, तिच्याच शेजारी तो रंगमंचावर वाजवत होता.

मॉस्कोला परतल्यावर 10 ऑक्टोबर 1950 रोजी त्याने लिहायला घेतलं आणि 25 फेब्रुवारी 1951 रोजी चोवीस प्रेल्यूड आणि फ्यूग पुरे झाले. हीच त्याची ओपस 87, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतली 87 क्रमांकाची. नवी रचना झाली की तो निकोलायेवाला बोलावून घेई आणि वाजवून दाखवी. पुढे त्याच वसंतात हे काम संगीतकार संघाच्या बैठकीत त्याला ठेवावं लागलं. जेमतेम वर्षापूर्वीचा परीक्षक आता स्वतः परीक्षेला बसला होता. त्याच्यावर कडाडून टीका झाली. त्याच्या बाजूने बोलायला उठल्या त्या निकोलायेवा आणि युदिना. डिसेंबर 1952 मध्ये लेनिनग्राडला तो संपूर्ण संच पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला निकोलायेवानेच.

पुढे 1958 साली मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा झाली, तेव्हा आयोजन समितीचा अध्यक्ष शोस्ताकोविचच होता. पियानोच्या परीक्षकांत काबालेव्हस्की आणि इंग्लंडचा आर्थर ब्लिस हे रचनाकार होते, आणि बक्षीस मिळालं टेक्सासमध्ये वाढलेल्या व्हॅन क्लायबर्नला.

पण एकच बाजू सांगितली तर ते खोटं ठरेल. परीक्षकांच्या टेबलाशी मोठा अन्यायही झाला आहे. 1905 साली पॅरिसमध्ये फ्रेंच रचनाकार मॉरिस राव्हेल 'प्री द रोम' या रचनास्पर्धेला पाचव्यांदा बसला. वय तीस, म्हणजे शेवटची संधी. 'झ द्यो' ही पियानोची रचना आणि चार तंतुवाद्यांसाठीचं स्ट्रिंग क्वार्टेट आधीच लोकांसमोर आलेले. तरी तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. अंतिम फेरीला निवडलेले सहाही जण शार्ल लनप्वू या एकाच शिक्षकाचे विद्यार्थी निघाले, आणि लनप्वू स्वतः परीक्षकांत होता! वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. रोमाँ रोलाँसारख्या लेखकानेही निषेधाचं पत्र लिहिलं. लनप्वूचं संगीत आज कोण वाजवतं? त्याचं नाव निघतं ते या प्रकरणापुरतं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच वर्षी पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेचा संचालक झाला रचनाकार गाब्रिएल फोरे, राव्हेलचा शिक्षक. त्याने प्रवेश, परीक्षा आणि स्पर्धा यांसाठी बाहेरचे स्वतंत्र परीक्षक नेमायला सुरुवात केली. खाजगी शिकवणीच्या मुलांना झुकतं माप देणारे प्राध्यापक खवळले, त्याला फ्रेंच क्रांतीतल्या निर्दय रोबेस्पिएरचं नाव देऊ लागले. फोरे मागे हटला नाही. त्याच्या गाण्यांइतकाच मला हा निर्णय थोर वाटतो. स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देताना हात किती जड होतो हे मला माहीत आहे. म्हणूनच माझ्याकडे शिकणारं मूल ज्या स्पर्धेत असेल तिथे मी परीक्षक म्हणून बसत नाही, आणि हे आयोजकांना पहिल्याच फोनवर सांगते.

टोकियोच्या ताकेमित्सु रचनास्पर्धेची रीत आणखी कठोर आहे. दर वर्षी एकच परीक्षक, तोही रचनाकार. 1997 मध्ये आँरी द्युतिय्यो, पुढच्या वर्षी लिगेती. पस्तिशीच्या आतल्या तरुणांच्या ऑर्केस्ट्राच्या संहिता तो एकटा वाचतो आणि निकालाखाली एकट्याचं नाव लागतं. सरासरीच्या आड लपायला जागाच नाही.

तेव्हा काम आटलं म्हणून बसतात का? काही बसत असतील. शोस्ताकोविचला मात्र ऐकता ऐकता अडीच तासांचं संगीत मिळालं.

गेल्या रविवारी एका आईने हाच प्रश्न विचारला, तेव्हा मी ओपस 87 मधला पहिला फ्यूग वाजवून दाखवला. सी मेजरमधला. तिची आठ वर्षांची मुलगी माझ्या कोपराशी उभी राहून बोटांकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही एकही काळी पट्टी दाबली नाहीत." खरंच आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या फ्यूगमध्ये एकही काळी पट्टी लागत नाही. मग ती म्हणाली, पुन्हा वाजवा, मला मोजायचंय किती जण गातायत.

चार आहेत. तिने तीन मोजले. पुढच्या रविवारी पुन्हा ऐकणार आहोत.