तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तेजक गोळीनं काळजी वाढत नाही का?

"एडीएचडीची गोळी उत्तेजक असते ना? मग ज्याला मुळातच अँक्झायटी आहे त्यानं ती घेणं म्हणजे आगीत तेल ओतणंच नाही का?" मी दोन्हींसाठी, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणाऱ्या एडीएचडीसाठी आणि अँक्झायटीसाठी, म्हणजे चिंताविकारासाठी, औषधं घेते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. नुकतीच दोन्ही निदानं हातात पडलेली माणसं विचारतात, त्यांचे जोडीदार विचारतात. एकदा एका डॉक्टरांनीही, मानसोपचाराशी संबंध नसलेल्या, भुवया उंचावून विचारलं होतं. आजवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं उत्तर दिलं. आता एकदाच सलग लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर माझी काळजी वाढली नाही, बरीच कमी झाली. पण सगळी गेली नाही. कुठली गेली आणि कुठली राहिली, खरं उत्तर त्यातच आहे.

माझ्याकडे दोन तऱ्हेच्या काळज्या होत्या आणि दोघी एकाच नावाखाली नांदत होत्या. पहिली म्हणजे 'आपण काहीतरी विसरलोय' ही. उठल्यापासून झोपेपर्यंत मागे लागलेली. ती खोटी असती तर बरं झालं असतं. चिंतेवरच्या समुपदेशनात एक तक्ता भरायला देतात: मनात आलेली भीती लिहा, तिच्या बाजूचे पुरावे लिहा, विरुद्ध पुरावे लिहा. बहुतेकांचा पहिला रकाना रिकामा राहतो आणि त्यातून त्यांना सुटल्यासारखं वाटतं. माझा पहिला रकाना खच्चून भरायचा. 'बिल भरायचं राहिलं असेल' असं लिहून पुरावा शोधायला जावं, तर बिल खरंच राहिलेलं असायचं. हे झालं तक्ता हरवला नसेल तर.

दुसरी काळजी वेगळी. तिला विषय लागत नाही. रात्री पडल्यावर छाती आवळते, हातापायांना मुंग्या येतात, आता काहीतरी वाईट होणार अशी खात्री वाटते. काय होणार, ते सांगता येत नाही.

पहिली काळजी त्रासदायक होती, पण बिनकामाची नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एडीएचडीत मेंदूच्या पुढच्या भागाला, जिथे ठरवणं, थांबणं, क्रम लावणं चालतं, त्याला डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या दोन रसायनांचा पुरवठा नीट जुळत नाही, असं मानलं जातं. घबराट झाली की नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतं. म्हणजे शेवटची तारीख डोक्यावर येऊन पोटात गोळा आला की मला चक्क काम करता यायचं. रात्रभर बसून, चोख. काळजी हा माझा मुकादम होता. ओरडणारा, अपमान करणारा, पण वेळेवर कामाला जुंपणारा.

या मुकादमाचं एक गणित आहे. 1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अवघड गोष्ट शिकताना थोडा ताण मदत करतो, पण ताण वाढत गेला की शिकणं बिघडतं. पुढे मेंदूच्या त्याच पुढच्या भागाबद्दलही असंच दिसलं: ही रसायनं कमी पडली तरी लक्ष विस्कटतं, जास्त झाली तरी विस्कटतं. काळजीवर काम करणारा माणूस मधल्या टप्प्यावर फारसा राहतच नाही. आधी खूप कमी, मग एकदम खूप जास्त. काम झालं की दोन दिवस अंथरुणात.

आमच्याकडे आधी निदान झालं ते चिंतेचं. मोठ्या वयात, विशेषतः बायकांच्या बाबतीत, हे नेहमीचंच. धडधड सांगता येते, विसरभोळेपणा हा स्वभाव म्हणून खपून जातो. मला एसएसआरआय या, चिंता आणि नैराश्यावर देतात त्या गटातलं औषध सुरू झालं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्या गटातली बऱ्याच जणांना ओळखीची नावं. या गोळ्या लगेच काम करत नाहीत. पहिल्या आठवड्यात तर बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि खरा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. माझ्या छातीवरचा दगड खरोखर हलला. रात्री झोप लागू लागली.

आणि माझं काम कोसळलं.

मुकादमच गेला होता ना! आता बिलं तशीच पडून राहायची, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. उत्तर न दिलेल्या मेल्सचा ढीग मी शांतपणे बघत बसायचे. घरच्यांना वाटलं गोळीनं सुस्ती आली. डॉक्टर मात्र सावध होत्या. त्यांनी उलट्या बाजूनं विचारायला सुरुवात केली. शाळेत कसं होतं? वह्या पूर्ण असायच्या का? रांगेत उभं राहता यायचं का? सध्याच्या निकषांप्रमाणे, म्हणजे 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे, काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात. काळजीमुळे उडालेलं लक्ष आणि जन्मापासूनच उडतं असलेलं लक्ष वेगळं काढायचा तो एक मार्ग. माझ्या जुन्या प्रगतिपुस्तकांनी तेवढं काम केलं.

दोन्ही एकत्र असणं ही काही माझी खासियत नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत 18 ते 44 वयाच्या सुमारे 4.4 टक्के लोकांत एडीएचडी आढळला, आणि त्यांतल्या 47 टक्क्यांना त्या वर्षभरात कुठला ना कुठला चिंताविकारही होता. म्हणजे जवळजवळ निम्मे.

मग आली ती उत्तेजक गोळी. मिथाइलफेनिडेट. 'उत्तेजक' ऐकलं की आपल्याला नाचणारा, बडबडणारा माणूस दिसतो. 1937 साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं होतं, तेही मूळ डोकेदुखीसाठी. त्यातली सुमारे निम्मी मुलं शाळेच्या अभ्यासात एकदम सुधारली आणि अनेक जण शांत झाली. स्वतः ब्रॅडलींनाही ते चमत्कारिक वाटलं. माझ्या बाबतीत 'शांत' म्हणजे एवढंच, की एक वाक्य वाचताना बाकीची दहा दारं वाजायची थांबली. आनंदाची लाट वगैरे काही नाही. पहिल्यांदा गोळी लागू पडली त्या दिवशी मी एक फॉर्म भरला, पाठवला आणि उठले. घाबरल्याशिवाय.

पहिल्या तऱ्हेची काळजी त्यानंतर काही महिन्यांत ओसरत गेली. तिच्यावर कुणी थेट उपाय केला नव्हता, फक्त तिचे पुरावे येणं बंद झालं. 2015 साली मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणातही, उत्तेजक घेणाऱ्या गटात चिंतेचा धोका औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या गटापेक्षा कमीच निघाला. पण हे सरासरीचं झालं. काहींची चिंता या गोळीनं खरंच वाढते, आणि मिथाइलफेनिडेटच्या माहितीपत्रकात तीव्र चिंता असलेल्यांसाठी इशारा वर्षानुवर्षं छापलेला होता. तेव्हा भुवया उंचावणाऱ्या त्या डॉक्टरांना मी मनातसुद्धा हसले नाही.

आता धडधडीविषयी, कारण आमच्यासारख्यांची खरी अडचण तिथे आहे. या गोळीनं नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. दुसऱ्या कुणाला ते जाणवणारही नाही. अँक्झायटी असलेला माणूस मात्र स्वतःच्या छातीचे ठोके ऐकण्यात तरबेज असतो. ठोके वाढले की मेंदू म्हणतो, आलाच झटका. आणि मग तो येतोच. म्हणून आम्ही सगळ्यात छोट्या डोसनं सुरुवात केली, हळूहळू वाढवलं, आणि दर टप्प्याला नाडी, रक्तदाब, वजन मोजलं. मला सगळ्यात उपयोग झाला तो घड्याळाचा. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. धडधड त्या वेळापत्रकानं आली तर ती गोळीची. सुट्टीच्या संध्याकाळी, उद्याच्या मीटिंगच्या विचारानं आली तर ती माझी. वहीत वेळ, नाडी आणि तेव्हा काय चाललं होतं एवढंच लिहायचं. लिहिल्यावर कळलं की दुपारची थरथर ना गोळीची होती ना काळजीची. गोळीनं भूक मरते, मी जेवायची विसरत होते, आणि वर कॉफी पीत होते. कॉफी कमी केली, गोळीच्या आधी खाऊ लागले, निम्मी तक्रार मिटली.

गोळी उतरताना मात्र त्रास व्हायचा. चिडचिड, उगाच रडू, सगळं संपल्याची भावना, तासाभरात ओसरणारी. त्यावर हळूहळू सुटणारी, दिवसभर पुरणारी गोळी दिली. आता उतार आहे, पण कडा नाही.

ज्यांना उत्तेजक सोसतच नाही त्यांच्यापुढेही वाटा आहेत. अमेरिकेत 2002 साली मंजूर झालेलं अ‍ॅटोमोक्सेटिन नॉरअ‍ॅड्रेनलिनवर काम करतं, त्याला आठवडे लागतात, आणि दोन्ही आजार असलेल्यांच्या चाचण्यांत त्यानं चिंताही कमी झालेली दिसली आहे. मात्र फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर यकृतात अ‍ॅटोमोक्सेटिनचा निचरा मंदावतो आणि रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून डोस जपून ठरवावा लागतो. क्लोनिडिन आणि ग्वानफेसिन ही मुळात रक्तदाबाची औषधं, तीही एडीएचडीत वापरतात. अचानक थांबवायची नाहीत. क्लोनाझेपामसारख्या चटकन भीती घालवणाऱ्या गोळ्यांबद्दल मी हात आखडता ठेवते. त्यांची सवय लागते, आणि ज्या स्मरणशक्तीसाठी एवढा खटाटोप, तीच त्या बोथट करतात.

दोन गोळ्या एकमेकींवर उलटत नाहीत का, असंही विचारता. माझ्या दोन नाही उलटल्या, आणि एसएसआरआयबरोबर मिथाइलफेनिडेट देणं ही अगदी रुळलेली पद्धत आहे. एमएओआय नावाच्या जुन्या नैराश्यरोधकांबरोबर मात्र ते चालत नाही. ते बंद केल्यावरही 14 दिवस थांबावं लागतं.

रोजची कटकट वेगळीच. आठवण ठेवायला मदत करणारी गोळी घ्यायची आठवण कुणी ठेवायची? त्यात विसरभोळा माणूस काळजीवाहूही असला की बघायला नको: 'घेतली का? दोनदा तर नाही घेतली?' वारांची नावं लिहिलेल्या डबीनं माझी जेवढी काळजी मिटवली तेवढी कुठल्याच पुस्तकानं नाही. डबीही गोंधळली असेल तर त्या दिवशी उत्तेजक गोळी घ्यायची नाही, हा डॉक्टरांशी बोलून ठरवलेला नियम. एसएसआरआय चुकली तर मला गरगरतं आणि डोक्यात विजेसारखे बारीक झटके येतात. 'बघ, व्यसन लागलं,' असं यावर एक नातेवाईक म्हणाले. शरीराला सवय झालेलं औषध एकदम तोडल्याची ती लक्षणं आहेत. ते हळूहळू कमी करत बंद करता येतं. व्यसनात माणूस आणखी मागतो, मी तर गोळी विसरते. उत्तेजकांचा गैरवापर होऊ शकतो हे मात्र खरं, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठीवर नियंत्रण असतं आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

गोळ्यांनी न झालेलं काम म्हणजे तपासण्याची सवय. पाठवलेली मेल पुन्हा वाचायची, कुलूप ओढून बघायचं, मग परत जाऊन ओढायचं. पूर्वी तपासलं नाही तर खरंच चुकायचं, त्यामुळे ती सवय शहाणपणाची होती. आता चुकत नाही, तरी हात जातो. त्यासाठी पुन्हा त्याच तक्त्याच्या समुपदेशनाकडे गेले, आणि या वेळी ते लागू पडलं. तक्ता हरवत नाही, आणि पहिला रकाना आता बराच रिकामा असतो.

रात्रीची बिनविषयाची काळजी अजून येते. क्वचित, पण येते. तिच्यासाठी डोस वाढवायचा का, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

उरला प्रश्न, दोन्हींतलं आधी कशाचं औषध सुरू करावं. साधारणपणे ज्याचा त्रास जास्त, त्याचं आधी. पण ते तुमचे डॉक्टर ठरवतील, आणि ठरवायला त्यांना तुमच्याकडून माहिती लागेल: लहानपणी कसे होतात, घरात कुणाला हृदयाचा आजार किंवा कमी वयात अचानक मृत्यू, कुणाला बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार), झोप किती, कॉफी किती, सर्दीच्या गोळीसकट सध्या काय काय चालू आहे. कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर आठवणार नाही. आणि नव्या औषधानं घाबरायला होऊ लागलं, किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.