जर्मनीचा स्टुडंट व्हिसा : एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट आणि पुढचं सगळं (माझा अनुभव)

एप्रिल २०२५ च्या समर सेमिस्टरला मी मास्टर्ससाठी जर्मनीत आले आणि खरं सांगू का, ॲडमिशन मिळणं हा त्यातला सोपा भाग होता.

आधी एपीएस, म्हणजे जर्मन दूतावासाचं आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणारं केंद्र. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे सर्टिफिकेट लागतंच, १८ हजार फी भरायची आणि मार्कशीट, डिग्री सगळं पाठवायचं, मग ते तपासून सांगणार की कागद खरे आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोकंच फिरलं, आपल्यावरच एवढा संशय कशाला? पण बोगस मार्कशीटचा धंदा आपल्याकडे किती जोरात चालतो हे काय आपल्याला माहीत नाही का. आणि वेळ खाल्ला तो तिकडच्यांनी नाही, आपल्या इथल्यांनीच! मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं, पासपोर्टवर बरोबर उलटं, आणि वर युनिव्हर्सिटीतले साहेब कायम जेवायला गेलेले.

ह्याच दरम्यान, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्झ दिल्लीला आले आणि भारतीयांसाठी स्किल्ड वर्कर व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करणार अशी बातमी आली. बाबांनी पेपर माझ्यापुढे सरकवला, "बघ, बोलावतायत तुम्हाला." म्हटलं बाबा तो आकडा नोकरीवाल्यांचा आहे, माझा नाही. तर म्हणाले, "अगं शिकून झालं की तू त्याच लाइनीत ना?" बरोबरच होतं त्यांचं. स्टुडंट व्हिसा म्हणजे त्यांच्यासाठी पुढच्या कामगारांची भरतीच आहे, फक्त ट्रेनिंगचा राहण्याखाण्याचा खर्च आपल्या घरच्यांनी करायचा.

आणि तो खर्च आधी दाखवायचा. ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो भरायचे, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे आपलेच पैसे आपल्याला मिळतात. एफडी मोडली. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरताना कळलं की सात लाखांच्या वरच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापणार (तेव्हा लिमिट सात लाख आणि दर पाच टक्के होता; लिमिट एप्रिल २०२५ पासून दहा लाख झालंय). रिटर्न भरताना ते वळतं होतं, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते, ती वेगळी धरूनच बजेट करा.

व्हिसाच्या मुलाखतीत फार काही झालं नाही. हाच कोर्स का, नंतर काय करणार, बस.

इथे आल्यावर मात्र परत पहिल्यापासून सुरू. घराचा पत्ता रजिस्टर करा, त्याशिवाय बाकीचं हलत नाही, मग हेल्थ इन्शुरन्स, मग राहण्याचा परवाना देणारं फॉरेनर्स ऑफिस, तिथे मेल पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. बर्लिनमधले मंत्री म्हणतात या या, आणि खिडकीवरच्या बाई म्हणतात अपॉइंटमेंट नाहीये.

पण नियम चांगले आहेत, हे मान्य करायलाच हवं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला युरोपियन युनियनच्या २०१६ च्या डायरेक्टिव्हप्रमाणे किमान ९ महिने द्यावेच लागतात, जर्मनी १८ देते. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, अर्धा म्हणजे चार तासांपर्यंत. युनिव्हर्सिटीतच असिस्टंटचं काम मिळालं तर ते ह्या दिवसांत धरत नाहीत, म्हणून आल्या आल्या आधी प्रोफेसरांना मेल टाका, कॅफेत नंतर विचारा.