कॅमशाफ्ट निवडताना एका कागदासाठी सात आठवडे गेले (माझा अनुभव)

गाडी म्हणजे जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हवालं इंजिन. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) आधीच के०४ मॉडेलचा टाकलेला, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ट्यून झालेला, आणि आता ती फक्त ट्रॅकवरच चालवतो, तीही ट्रेलरवरून नेऊन, कारण मोटार वाहन कायद्यातल्या गाडीत फेरफार करण्याबद्दलच्या कलम ५२ च्या भानगडीत रस्त्यावर पडायचं नाही. प्रॉब्लेम एवढाच होता की साडेपाच हजार आरपीएमच्या पुढं गाडी गुदमरायची. त्यामुळं ठरवलं की कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट, बदलायचे.

पैसे जमवले, हेड (इंजिनचा कॅम आणि व्हॉल्व्हवाला वरचा भाग) उतरवायची तारीख ठरवली, सगळं सुरळीत. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मला दोन मेकरचे कॅम पसंत होते. एकाच्या जाहिरातीत ड्युरेशन (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य शाफ्ट किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते) २६० अंश आणि दुसऱ्याच्या कॅम कार्डावर, म्हणजे कॅमची मापं छापलेल्या कागदावर, २१० च्या आसपास. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं २६० वाला कितीतरी मोठा. मलापण तसंच वाटलं, आणि एका मोठ्या शहरातल्या ट्यूनरनं फोनवर सांगितलंही की मोठा घे, बिनधास्त घे. पण ड्युरेशन मोजायला सुरुवात कुठून केली ते कळल्याशिवाय तो आकडा कामाचा नाही. कोणी व्हॉल्व्ह ०.१ मिली (मिलीमीटर) उचलल्यापासून मोजतो, कोणी १ मिलीपासून, अमेरिकन लोक ०.०५० इंचापासून म्हणजे १.२७ मिलीपासून. एकच कॅम, पण ०.१ ला आणि १ मिलीला आकड्यात चाळीस-पंचेचाळीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे २६० वाला आणि २१० वाला जवळजवळ सारखेच असू शकतात.

म्हणून २६० वाल्या विक्रेत्याला मेल टाकला, १ मिलीला किती ते सांगा आणि कॅम कार्ड पाठवा. पहिलं उत्तर आलं नऊ दिवसांनी, त्यात जाहिरातीचाच फोटो. दुसऱ्या मेलला उत्तर, "टर्बोसाठी एकदम योग्य". तिसऱ्या मेलला काहीच नाही. फोन केला तर म्हणे टेक्निकल टीम सुट्टीवर आहे. असे सात आठवडे. एका कागदासाठी! कॅम विकायला बसलाय आणि कॅम किती अंश उघडतो ते सांगता येत नाही, हे मला आजपण पटत नाही. दरम्यान हेड उतरवायची तारीख गेली आणि वर्कशॉपवाल्यानं माझी जागा दुसऱ्याला दिली.

शेवटी म्हटलं आपणच मोजू, निदान स्टॉक कॅम तरी. भंगारातून एक फुटका हेड घेतलेला होता, त्यातले दोन्ही कॅम काढले, इनटेकवर १२ लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) आणि एक्झॉस्टवर ८, कारण या इंजिनला सिलेंडरमागं तीन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात. आम्ही कोल्हापूरकर नशीबवान, उद्यमनगरात मशीन शॉपला तोटा नाही. ओळखीच्या एका मामांकडं गेलो, त्यांनी शाफ्ट टेकवायला दोन व्ही-ब्लॉक मांडले, शाफ्टच्या टोकाला अंशांची चकती लावली, वर लोबचा उंचवटा मोजायला डायल गेज. दोन तास मी एकेक अंश फिरवत वहीत लिहीत बसलो. चकतीवरचे अंश कॅमचे असतात हं, क्रँकचे पाहिजे असतील तर दुप्पट करायचे, हे विसरू नका.

तर लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, बरोबर आलं आणि ड्युरेशन मात्र कमी येत होतं. दुसऱ्या मेकरच्या कार्डावर तुलनेसाठी स्टॉक कॅमचेही आकडे छापलेले होते, त्याच्याशी लिफ्ट जुळत होतं आणि ड्युरेशन काही केल्या जुळेना. तीनदा मोजलं. मला वाटलं कॅम झिजलाय, चकती सरकलीय, काय काय. मग मामा आले, डायलकडं बघितलं आणि म्हणाले, "टोकानं बघालास होय रं? तुझ्या गाडीत टॅपेट टोकदार हाय का चपटं?"

बस, तिथंच सगळं सुटलं. डायलला बारीक टोक लावलेलं होतं. गाडीत लोबवर चपटं बकेट टॅपेट (लोबचा दाब व्हॉल्व्हला पोचवणारी वाटी) बसतं, त्यामुळं लोब फिरताना टॅपेटला टेकायची जागा मधोमध न राहता बाजूला सरकते, आणि बारीक टोकाला ती सापडतच नाही. लोबच्या नाकावर, म्हणजे सगळ्यात उंच जागी, दोघांचं रीडिंग एकच येतं, म्हणून लिफ्ट बरोबर, पण दोन्ही उतारांवर टोक कमी दाखवतं. मामांनी लेथवर एक चपटी चकती वळवून डायलच्या टोकाला बसवली, लोबच्या नाकाचा पूर्ण फेरा सामावेल एवढी रुंद. परत मोजलं, आणि कार्डाशी एका अंशाच्या आत जुळलं. त्या दिवशी घरी येताना मला जो आनंद झाला तो नवीन कॅम हातात आल्यावरसुद्धा झाला नाही.

मग निवड पाच मिनिटांत झाली. ज्याचं कार्ड माझ्या मोजणीशी जुळलं त्याचाच कॅम घेतला, त्यातलाही सौम्य. ज्याला आपला आकडा कुठून मोजलाय ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

सौम्य का, हे खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं. मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला निप्पल वेल्ड करून, मीटरभर तांब्याची नळी वेटोळी घालून प्रेशर गेज लावला होता, नळी लांब घ्या नाहीतर गेज भाजतो. बूस्ट (टर्बो आत दाबतो त्या हवेचं प्रेशर) १.३ बार असताना टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं प्रेशर दोन बारच्या वर जात होतं. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात त्या ओव्हरलॅपमध्ये जळका गॅस उलटा इनटेककडं जाणार. लहान टर्बोला ओव्हरलॅप जास्तीचा परवडत नाही, आणि बिनटर्बो इंजिनवाल्यांचा सल्ला इथं उपयोगाचा नाही. मोठा टर्बो असेल आणि टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं प्रेशर बूस्टच्या जवळपास असेल तर गोष्ट वेगळी.

स्प्रिंगचा खर्च टाळू नका. इनटेक व्हॉल्व्हचं डोकं साधारण २७ मिली, त्यावर १.३ बार बूस्ट मागून ढकलतो म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हवर साडेसात किलोचा जोर, आणि तो स्प्रिंगच्या विरुद्ध. लिफ्ट वाढलं तर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पण बघा.

कस्टमचं एक आठवलं. कुरियरवाल्यानं माझं पार्सल कस्टम टॅरिफच्या ८७०८ नंबरात, म्हणजे गाडीचे पार्ट म्हणून टाकलं होतं. कॅमशाफ्ट ८४८३ मध्ये येतो, टॅरिफमध्ये चक्क नाव लिहिलेलं आहे. इनव्हॉइसवर विक्रेत्याकडूनच ते लिहून घ्या, आणि ड्युटी वाहतूकखर्च धरून लागते तेव्हा हिशोब तसा करा.

बसवताना दोनच गोष्टी. दोन्ही कॅमना जोडणाऱ्या चेनवर खुणांच्या मध्ये १६ रोलर मोजायचे, मी चार वेळा मोजले. आणि कॅम बसवल्यावर हायड्रॉलिक (तेलानं भरलेले) टॅपेट खाली बसायला अर्धा तास इंजिन अजिबात फिरवायचं नाही, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मी घड्याळ लावून चहा प्यायला गेलो.

आता बूस्ट पूर्वीच्याच आरपीएमला येतो आणि साडेसहा हजारांपर्यंत गाडी ओढत राहते. माझ्या स्टॉक कॅमच्या मोजणीचा पूर्ण तक्ता वहीत आहे, इनटेक एक्झॉस्ट दोन्ही, ०.१ ला आणि १ मिलीला. ज्याला पाहिजे त्यानं मागा, त्याच दिवशी फोटो काढून पाठवतो.