सड्यावरची सायकल : भाट्ये ते विजयदुर्ग

रत्नागिरीच्या दक्षिणेला सायकल काढली की बहुतेक जण सागरी महामार्ग धरतात आणि थेट मालवण गाठतात. रस्ता देखणा आहेच. पण जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ चार दिवस या पट्ट्यात फिरलो, तेव्हा मन रमलं ते खाडीच्या वरच्या सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. सातबाऱ्यावर त्यातला बराच भाग ‘पोटखराबा’ म्हणून लागतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. ग्रॅव्हल बाइकसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या जाड टायरच्या सायकलसाठी मात्र याहून चांगली जमीन मी महाराष्ट्रात पाहिलेली नाही. कठीण कातळ, मधूनच लाल मुरूम, बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या, बागांकडे जाणारे कच्चे रस्ते आणि तासन्‌तास एकही गाडी नाही.

पहिला दिवस सोपा ठेवा. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर उंचावर आहे, तिथून उतरत भाट्याच्या पुलावर यायचं. खाली काजळी नदीची खाडी. पुढे पावस, पूर्णगड, मग मुचकुंदीवरचा पूल ओलांडून गावखडी. इथपर्यंत डांबरच आहे, फक्त चढ-उतार अंगावर येतात. प्रत्येक खाडीला पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायचं आणि लगेच शे-सव्वाशे मीटर वर चढायचं. लांबून सपाट दिसणारा हा किनारा पायांना घाटासारखा लागतो, त्यामुळे दिवसाचा हिशोब किलोमीटरवर न करता खाड्यांवर करा. दिवसाला दोन खाड्या पुरेत. गावखडीला सुरूच्या बनातून पुळणीपर्यंत जाता येतं, पण सायकल वाळूत घालू नका. इथल्या आणि पुढच्या वेत्ये गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि हिवाळा हाच त्यांचा हंगाम असतो. चाकाचा एक पट्टासुद्धा नको.

मुक्काम कशेळीला केला. कनकादित्याचं मंदिर प्रसिद्ध आहे. रथसप्तमीच्या उत्सवात येणार असाल तर राहायची सोय आधीच करून ठेवा. रात्री ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकींनी कुळथाचं पिठलं, भात आणि तळलेली सांडगी मिरची वाढली. सकाळी घावणे बांधून दिले. सड्यावर हॉटेल सोडाच, टपरीसुद्धा नसते. निघतानाच घरातून डबा घ्या, मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त आदल्या रात्री सांगा.

कशेळीच्या सड्यावर सूर्य वर यायच्या आत पोचलो आणि ते बरं झालं. तिथं कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. आधी काहीच दिसेना. मग तिरपं ऊन कातळावर सरकलं, कोरलेल्या रेघांत सावली भरली आणि सोंड दिसली, मग पाय, मग पोटातला एक मासा. भाऊ नुसता उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं की त्याच रेघा पुसट होतात, म्हणून कातळशिल्पं सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर बघा. ही चित्रं मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात असा अभ्यासकांचा कयास आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावागावांत गुराख्यांना विचारत सडे पायी धुंडाळले, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश झाला. कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू ही त्यातली पाच ठिकाणं याच वाटेवर येतात.

एक कळकळीची विनंती आहे. बऱ्याच चित्रांभोवती चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांचा, नुसता गुडघाभर गडगा (बुटकी भिंत) असतो, काहींना तोही नाही. जांभा वरून टणक दिसला तरी कोरलेली कड झिजते. सड्यावर अनोळखी जागी चाकोरी सोडून सायकल हाकू नका. शिल्प जवळ आहे असं नकाशावर दिसलं की उतरा, सायकल आडवी ठेवा, चालत जा. ज्या गोष्टीने इतके पावसाळे सोसले, ती आपल्या टायरखाली जायला नको.

दुसरा दिवस कशेळी, आडिवरे, देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू आणि राजापूर. नकाशावर छोटा दिसतो, आम्हाला नऊ तास लागले. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळची चौकोनी आकृती बघा. देवाचे गोठण्यात सड्यावर आडवा पडलेला माणूस कोरला आहे आणि त्याच्या आसपास होकायंत्र बिघडतं. आम्ही साधं होकायंत्र कातळावर टेकवून हळूहळू सरकवलं. वीतभर अंतरात सुई वळली. दिशा मोबाइलवर बघत असाल तर तिथं तिच्यावर विसंबू नका.

आता चिरेखाणी. हे लक्ष देऊन वाचा, कारण इथं जीव जाऊ शकतो. जांभा चिऱ्यांसाठी सरळ खाली कापत नेतात, त्यामुळे खाणीला उतार नसतो, थेट भिंत असते. बंद पडलेल्या खाणींना कुंपण नाही, काठापर्यंत गवत वाढलेलं. मोबाइलच्या नकाशातली वाट आम्हाला अशाच एका खाणीकडे घेऊन चालली होती. गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी लांबून हात वर केला. “तकडं जाव नका, म्होरं खान हाय.” पन्नास पावलं पुढे जाऊन पाहिलं तर वाट हवेत संपलेली. खाली दोन-तीन पुरुष खोल हिरवं पाणी. तेव्हापासून दोन नियम पाळले : सड्यावर साडेपाचनंतर थांबायचं नाही आणि माणूस दिसला की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. चालू खाणींच्या रस्त्याला फुफाटा घोटाभर असतो आणि ट्रकवाल्याला धुळीत सायकल दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

बारसूच्या सड्यावर थोडं जपून वागा. २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा त्याला विरोध म्हणून इथली बाया-माणसं भर उन्हात याच कातळावर बसली होती. अनोळखी माणूस नकाशा आणि कॅमेरा घेऊन फिरताना दिसला की कोणीतरी येऊन विचारतं, आणि त्यांनी विचारणं रास्तच आहे. आधी नमस्कार, मग आपण कोण, कुठून आलो ते सांगा. आम्हाला दोघांनी थांबवलं, आणि त्यांच्यातल्याच एका दादांनी पुढे वाघांच्या मधे उभ्या माणसाचं चित्र दाखवायला सोबत केली.

राजापुरात उतरताना धोपेश्वरला मृडानी नदीकाठचं धूतपापेश्वर चुकवू नका. दिवसभराच्या कातळानंतर तिथली सावली अंगावर पडते तेव्हा कळतं की आपण किती भाजलो आहोत. राजापूर हे एके काळी बंदर. इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. आज अर्जुना नदीचं गाळाने भरलेलं पात्र बघून पटत नाही.

तिसऱ्या दिवशी राजापूरहून नाटे गावाकडे परत समुद्राला लागलो. टायर तिथंच फाटला. जांभ्याची ताजी तुटलेली कड काचेसारखी असते. पुढच्या टायरच्या बगलेला बोटाच्या पेराएवढी चीर पडली, आतलं सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) फसफसत बाहेर आलं आणि लाल मातीवर पांढरा थर साचला. प्लग बसेना. शेवटी एका घरातून दुधाची रिकामी पिशवी मागून घेतली, धुऊन चार घड्या घालून टायरच्या आत चिरेवर ठेवली आणि वर ट्यूब चढवली. विजयदुर्गापर्यंत तिने साथ दिली. तुम्ही टायर किमान ४० मिलिमीटरचे, बगल जाड असलेले घ्या. ट्यूबलेस असले तरी दोन ट्यूब आणि जुन्या टायरचा एक तुकडा सोबत ठेवा. रत्नागिरी सोडली की या मापाचं काही मिळत नाही. चढासाठी मागचा सगळ्यात मोठा दात्यांचा चक्का पुढच्याएवढा तरी हवा. पाणी माणशी तीन लिटर.

आंबोळगडाचं टोक पाहून पुलावरून जैतापूरला आलो आणि तिथंच राहिलो. इथून आंब्याच्या बागांचा पट्टा सुरू होतो. जानेवारीत मोहोरावर फवारण्या चाललेल्या असतात. वास आला की रुमाल बांधा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जा, तिथं बसून डबा खाऊ नका. बागांचे राखणदार बरेचसे नेपाळी आहेत, कुत्री त्यांच्याच शब्दात राहतात. बेड्यापाशी, म्हणजे बागेच्या फाटकापाशी, थांबून हाक मारली की ते स्वतः येऊन वाट दाखवतात. बेडं उघडलंत तर मागे लावून घ्या, नाहीतर गुरं कलमांत शिरतात.

चौथ्या दिवशी वाघोटनचा पूल ओलांडला की सिंधुदुर्ग जिल्हा. पडेलवरून गिर्ये. इथल्या रामेश्वराच्या देवळाकडे जाणारी वाट जांभा खोदून काढली आहे. दोन्ही बाजूंना कातळाच्या उंच भिंती, त्यावर शेवाळाचे काळे ओघळ, आणि हात लावला तर भर दुपारी गार. सायकल बाहेर ठेवून आम्ही तिथं बराच वेळ पाठ टेकून बसलो. तिथून विजयदुर्ग जवळच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सडा तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि चाक क्षणात निसटतं. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, तेव्हा यावंसं वाटलं तर चालत या, कारण फुलं नेमकी त्याच पातळ मातीत असतात जिथून सायकल न्यावीशी वाटते.

परतीला विजयदुर्ग–तळेरे रस्ता धरून वैभववाडी रोड स्टेशन गाठता येतं. पहाटे निघा. गाड्या मोजक्याच थांबतात, वेळ आधी बघून ठेवा. सायकल पार्सलने पाठवणार असाल तर हँडल वळवून, गोणपाटात शिवून न्या आणि गाडीच्या दोन तास आधी पोचा. एप्रिल-मेमध्ये पार्सलचा डबा आंब्याच्या पेट्यांनी भरलेला असतो, तेव्हा सायकलला जागा मिळेल असं गृहीत धरू नका.