दऱ्या सापडेनात, ॲक्युप्रेशर सापडेना

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या याद्या यंदा एकत्र करायला घेतल्या. काही नोंदी जुन्या विंडोज मशीनवरच्या, काही मोबाइलवरून केलेल्या, तर संदर्भ विभागाच्या एका सभासदाने स्वतःच्या मॅकवर केलेल्या. सगळं एका शीटमध्ये आणलं आणि शोधाने मान टाकली. ‘दऱ्या’ टाइप केलं की सह्याद्रीवरची निम्मी पुस्तकं येत, निम्मी गायब. ग्रंथपाल काकू म्हणाल्या, “अहो, दोन्हीकडे दऱ्याच तर लिहिलंय!” दिसायला होतंच तसं.

मग पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकासाठी त्या अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक, छापून घेतला. एका ‘दऱ्या’त ‘द’नंतर ०९३१, म्हणजे अख्खा ऱ, पुढे हलन्त, य, काना. दुसऱ्यात साधा र (०९३०) आणि त्याच्यामागे नुक्त्याचं, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचं, सुटं चिन्ह. तिसऱ्यात नुक्ता नाहीच. साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा, अक्षर जोडरूपात दाखवायला सांगणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’. पडद्यावर तिन्हींचं रूप तेच, युनिकोडवाले ज्याला ‘आयलॅश रा’ म्हणतात तो आडवा र.

यातल्या पहिल्या दोन रूपांसाठी सोय आहे, तिचं नाव नॉर्मलायझेशन. तिचे हे दोन प्रकार: एनएफडी अक्षर आणि चिन्ह सुटं करतं, एनएफसी शक्य तिथे जोडून एक करतं. एनएफसी चालवल्यावर र आणि नुक्ता मिळून ०९३१ झाले. संदर्भ विभागातली रोमन लिपीतली संस्कृत शीर्षकंही त्यातच सुधारली. तिथे ‘आ’साठी रोमन ‘ए’वर आडवी रेघ देतात. कुठे ते तयार अक्षर होतं (०१०१), कुठे साधा ‘ए’ आणि मागून सुटी रेघ (०३०४). दीर्घ ऋची गंमत आणखी वेगळी. रोमन ‘आर’च्या खाली टिंब, वर रेघ, कुणी टिंब आधी देतं, कुणी रेघ. पण प्रत्येक सुट्या चिन्हाला एक वर्ग ठरवून दिलाय, खालच्या टिंबाचा २२०, वरच्या रेघेचा २३०. त्या क्रमाने चिन्हं लावली जातात, म्हणून कशीही टाइप केली तरी शेवटी एकच अक्षर हाती येतं. हे ज्यांनी रचलं त्यांना मानलं!

जॉइनरवाल्या र्‍य ला मात्र एनएफसी हातही लावत नाही. एका सभासदाने सुचवलं, न दिसणारी सगळी चिन्हं सरसकट उडवा. मी हातच जोडले. जॉइनर उडाला की ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीचं पुस्तक थेट समुद्रात! आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ला ‘ऱ, हलन्त’ करायचं, उरलेले जॉइनर मग काढायचे.

ॲक्युप्रेशरने सर्वांत जास्त दमवलं. कुणी ऍ (०९०डी) वापरलेला, कुणी अ आणि चंद्र वेगवेगळे (०९०५, ०९४५), कुणी ॲ (०९७२). हा शेवटचा क्रमांक युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत, तोवर लोकांनी जमेल तसं भागवलं. युनिकोडच्या लेखी ही तीन रूपं समान नाहीत, त्यामुळे एनएफसीचा इथे काडीचा उपयोग नाही. अदलाबदलीचा तक्ता आपला आपणच करायचा. मराठी शोध देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता आधीपासून असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ नोंदींना आम्ही हात लावला नाही. शेजारी शोधासाठी वेगळा रकाना केला, त्यात आधी एनएफसी, मग तक्ता. वाचक जो शब्द टाकतो तोही त्याच चाळणीतून जातो. नाहीतर मोबाइलवरून शोधणारा पुन्हा रिकाम्या हाती परतेल.

आता राहिल्यात त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटांमधल्या नोंदी. फाँट काढला की खाली नुसती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. प्रत्येक फाँटला वेगळा कन्व्हर्टर लागतो. ते काम दिवाळीनंतर.